बेसबॉलचा हिशेबनीस

हेन्री चॅडविक हा एकोणिसाव्या शतकातला न्यूयॉर्कचा क्रीडावार्ताहर. बेसबॉलला धावफलकाचा तक्ता, खेळाडूंची आकडेवारी, दरवर्षी निघणारी मार्गदर्शिका आणि काही महत्त्वाचे नियम मिळाले, त्यांत त्याचा वाटा इतर कोणाही लेखकापेक्षा मोठा आहे. तो नामवंत खेळाडू नव्हता, कुठल्या संघाचा मालकही नव्हता. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून मिरवणाऱ्या बेसबॉलला वळण लावणारा हा माणूस जन्माने इंग्रज होता आणि खेळ पाहायला शिकला तो क्रिकेटच्या मैदानावर. बेसबॉलमध्ये काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्याने क्रिकेटच्या नजरेने ठरवले. त्याच्या यशाचे मूळ तिथे आहे आणि त्याच्या चुकांचेही.

चॅडविकचा जन्म ५ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील जेम्स चॅडविक हे तिथल्या एका वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा, म्हणजे हेन्रीचा चोवीस वर्षांनी मोठा सावत्र भाऊ, एडविन चॅडविक. इंग्लंडमधील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतील घाण, रोगराई आणि मृत्यू यांची आकडेवारी मांडणारा १८४२ चा प्रसिद्ध अहवाल याच एडविनचा. त्या अहवालातून पुढे १८४८ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. समाजातील दोष आधी मोजावेत, आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि मग सुधारणा मागावी, ही त्या घरातली रीत. धाकट्या भावाने तीच खेळाला लावली, असे म्हटले तर ते फारसे ओढूनताणून होणार नाही.

१८३७ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत ब्रुकलिनला स्थायिक झाले. तरुणपणी हेन्रीने पियानो आणि गिटार शिकवून उदरनिर्वाह केला आणि जोडीला वर्तमानपत्रांत लिहायला सुरुवात केली. त्या काळी न्यूयॉर्क परिसरात इंग्रज स्थलांतरितांचे क्रिकेट चांगले रुजलेले होते आणि चॅडविक क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहीत असे. हडसन नदीपलीकडच्या होबोकेनमध्ये एलिशियन फील्ड्स नावाची मोकळी हिरवी जागा होती. शहरातली मंडळी फेरीबोटीने तिकडे खेळायला जात. १८५६ साली क्रिकेटचा सामना आटोपून परतताना चॅडविकने तिथे गोथम आणि ईगल या दोन क्लबांमधला बेसबॉलचा सामना पाहिला. हा खेळ त्याने आधी पाहिला नव्हता असे नाही, पण चांगल्या संघांत तो किती चुरशीने आणि वेगाने खेळला जातो, हे त्याच्या ध्यानात आले ते त्या दिवशी. क्रिकेट इंग्रजांचे आहे तसा हा खेळ अमेरिकनांचा होऊ शकेल, असे तेव्हा वाटून गेल्याचे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

बेसबॉलची मांडणी थोडक्यात अशी. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस असतात आणि दोन बेसमधले अंतर ९० फूट असते. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज तो फटकावून पहिल्या बेसकडे धावतो. तिथून दुसरा, तिसरा असे करत तो सुटला त्या ठिकाणी, म्हणजे होम बेसवर, परतला की एक धाव होते. तीन जण बाद झाले की डाव बदलतो. एका बाजूला नऊ खेळाडू आणि एका सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ डाव. हे नऊ डाव आणि ९० फूट १८५७ साली न्यूयॉर्कच्या क्लबांनी एकत्र बसून ठरवले. चॅडविक या खेळाकडे वळला त्या सुमाराची ही घटना, म्हणजे नियमांची शाई अजून ओली होती.

बेसबॉलवर लिहिणारा तो पहिला नव्हे. विल्यम कॉल्डवेल 'संडे मर्क्युरी'त १८५३ पासून सामन्यांच्या बातम्या देत होता. पण त्या बातम्या त्रोटक असत. चॅडविकने १८५७ च्या सुमारास 'न्यूयॉर्क क्लिपर' या खेळ आणि रंगभूमीला वाहिलेल्या साप्ताहिकात नियमित लिहायला सुरुवात केली. 'ब्रुकलिन ईगल' आणि इतर दैनिकांतही तो लिहू लागला. एकच माणूस अनेक पत्रांतून, आठवड्यामागून आठवडा, एकाच खेळाविषयी एकाच पद्धतीने लिहितो आहे, असे आधी कधी झाले नव्हते. त्यामुळे वाचकांना सामन्यांची तुलना करायची सवय लागली.

या पद्धतीचा कणा म्हणजे धावफलकाचा तक्ता, ज्याला अमेरिकेत बॉक्स स्कोअर म्हणतात. चॅडविकला त्याचा जनक मानले जाते, पण हे श्रेय निखळ नाही. ऑक्टोबर १८४५ मध्येच न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने सामन्याचा छोटा तक्ता छापला होता आणि त्यात प्रत्येक खेळाडूच्या धावा व तो किती वेळा बाद झाला एवढी माहिती होती. क्रिकेटचे छापील धावफलक तर त्याहून कितीतरी जुने. चॅडविकचे श्रेय असे की १८५९ पासून त्याने हा तक्ता वाढवला, त्याला ठरावीक रूप दिले आणि तो सामन्याच्या बातमीचा अटळ भाग करून टाकला. फलंदाजी एका बाजूला, क्षेत्ररक्षण दुसऱ्या बाजूला, खाली डावागणिक धावा. मैदानावर न गेलेल्या वाचकालाही बोटभर जागेत अख्खा सामना कळू लागला.

तक्ता भरायचा तर मैदानावर बसून प्रत्येक घटना झपाट्याने टिपावी लागते. त्यासाठी चॅडविकने अक्षरांची लघुलिपी बसवली आणि पुस्तिकांतून तिचा प्रसार केला. पहिला बेस ए, दुसरा बी, तिसरा सी. चेंडू हवेत झेलला तर एफ, टप्पा पडल्यावर झेलला तर डी. तीन वेळा हुकून बाद झालेल्या फलंदाजासमोर के. 'स्ट्रक' या शब्दातले हे शेवटचे अक्षर पटकन आठवते म्हणून घेतले. बाकीची बहुतेक अक्षरे काळाच्या ओघात गेली आणि क्षेत्ररक्षकांच्या जागांना आकडे देण्याची पद्धत आली. के मात्र टिकले. आजही पिचरने असा बळी मिळवला की अमेरिकेतले प्रेक्षक के लिहिलेले फलक कठड्यावर लावतात.

१८६० मध्ये बीडल या प्रकाशनसंस्थेने 'डाइम बेस-बॉल प्लेअर' ही दहा सेंट किमतीची पुस्तिका काढली. तिचा संपादक चॅडविक होता. स्वस्त कादंबऱ्या छापून गावोगाव विकणाऱ्या या संस्थेमुळे पुस्तिका लांबवर पोचली. तीत नियम होते, कोणत्या जागेवर कसे खेळावे याचे मार्गदर्शन होते, क्लबांची माहिती होती आणि मागच्या हंगामाची आकडेवारी होती. ज्या गावात बेसबॉल जाणणारा कोणी नव्हता तिथल्या मुलांनाही तिच्या आधारे न्यूयॉर्कच्या नियमांनुसार खेळ मांडता येत असे. त्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये बेसबॉलचा वेगळा प्रकार खेळला जाई. अखेर न्यूयॉर्कचा प्रकार देशभर पसरला, त्यामागे कारणे अनेक होती, आणि छापील शब्द हे त्यातले एक मोठे कारण होते.

चॅडविकची खरी कसोटी लागली ती आकडेवारीत, आणि या प्रकरणाकडे जरा बारकाईने पाहायला हवे. सुरुवातीला त्याने क्रिकेटचेच माप घेतले, म्हणजे फलंदाजाच्या धावा मोजल्या. सरासरी काढण्याची रीतही क्रिकेटमधली होती. अपूर्णांक न काढता भागाकार आणि बाकी शेजारी शेजारी लिहायची. सात सामन्यांत सतरा धावा झाल्या तर सरासरी दोन आणि वर तीन. पण क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या खात्यावर पडणारी धाव त्याच्याच फटक्याची असते. बेसबॉलमध्ये फलंदाज स्वतःच्या फटक्यावर बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या बेसवरच पोचतो. पुढे त्याला घरी आणतात ते त्याच्यानंतर येणारे. मागचे खेळाडू कच्चे असतील तर उत्तम फलंदाजही तिसऱ्या बेसवर ताटकळत राहतो आणि त्याच्या नावापुढे शून्य लागते. नुसत्या धावांवरून माणसाची लायकी ठरवणे अन्यायाचे आहे, हे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चॅडविकला पटले आणि त्याने हिट, म्हणजे फलंदाजाला स्वबळावर बेस मिळवून देणारा फटका, हे माप पुढे आणले.

आधी तो दर सामन्यामागे हिट मोजत असे. त्यातही खोट होती, कारण एखाद्याला सामन्यात तीनच संधी मिळतात तर एखाद्याला सहा. वॉशिंग्टनच्या एच. ए. डॉब्सन याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला चॅडविकला पत्र लिहून सुचवले की हिटना सामन्यांनी न भागता फलंदाजीच्या संधींनी भागावे. चॅडविकने ही सूचना उचलून धरली आणि छापली. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हा तिची अधिकृत सरासरी याच सूत्रावर बेतलेली होती. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सर्वांत परिचित ओळख म्हणजे हाच आकडा.

हिट ठरवायची तर फलंदाज बेसवर पोचला तो फटक्यामुळे की क्षेत्ररक्षकाच्या ढिलाईमुळे, हेही ठरवावे लागते. म्हणून चॅडविकच्या तक्त्यांत क्षेत्ररक्षकाच्या चुकांना स्वतंत्र रकाना आला आणि चुकांशिवाय झालेल्या धावा वेगळ्या मोजण्याची कल्पनाही आली. धाव ही वस्तुस्थिती असते, चूक हा अभिप्राय असतो. धावफलक लिहिणारा माणूस इथे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला. खेळाडूने काय केले याच्या जोडीला त्याने काय करायला हवे होते, हेही तक्ता सांगू लागला. सुधारकाच्या धाकट्या भावाला शोभेल अशीच ही भर होती.

आता त्याची चूक. पिचरने ठरावीक मर्यादेपलीकडे चेंडू भलतीकडे टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. क्रिकेटचा वाइड गोलंदाजाचा दोष असतो, फलंदाजाला त्याचे श्रेय नसते. चॅडविकने वॉककडेही त्याच नजरेने पाहिले आणि फलंदाजाच्या खात्यातून तो वगळला. वाइड सोडण्यात फारसे कौशल्य नाही हे खरे, पण बेसबॉलमध्ये फसवा चेंडू ओळखून बॅट आवरून धरणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि बेस मिळाला तो मिळालाच. १८८७ च्या हंगामात वॉकलाही हिट मानण्याचा प्रयोग झाला, तेव्हा सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी .४९२ वर गेली. वॉक वजा केले की ती .४३५ भरते. आकडे फार फुगले म्हणून प्रयोग एका हंगामात गुंडाळला गेला आणि वॉक पुन्हा हिशेबाबाहेर गेला. होमरनचेही, म्हणजे एकाच फटक्यात चारही बेस पार करण्याचेही, चॅडविकला फारसे कौतुक नव्हते. चेंडू आंधळेपणाने दूर टोलवण्यात ताकद दिसते, अक्कल दिसत नाही, आणि चारही बेस धावून माणूस दमतो तो वेगळाच, असे त्याचे म्हणणे. नेमक्या मोकळ्या जागेत चेंडू ढकलून एक बेस घेणारा फलंदाज त्याला श्रेष्ठ वाटे. त्याच्या तक्त्यांनी तशाच फलंदाजाला मोठे केले.

नियमांच्या बाबतीत त्याची सर्वांत गाजलेली मोहीम झेलाविषयीची. सुरुवातीच्या बेसबॉलमध्ये एक टप्पा पडल्यावर पकडलेला चेंडूही झेल मानत. आपल्याकडच्या गल्लीक्रिकेटमधला 'एक टप्पा आउट' तो हाच. त्यामागे कारणही होते: तेव्हा हातमोजे नव्हते आणि कडक चेंडू उघड्या हातांनी धरावा लागे. पण क्रिकेट खेळणारे या नियमाची टिंगल करत, आणि चॅडविकला तो पोरखेळ वाटे. न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या क्लबांपैकी निकरबॉकर क्लबही बदलाच्या बाजूने होता. बाकीच्या क्लबांनी काही वर्षे ठराव फेटाळला आणि चॅडविक लिहीत राहिला. अखेर डिसेंबर १८६४ च्या अधिवेशनात नियम बदलला आणि १८६५ च्या हंगामापासून हवेतला झेलच ग्राह्य ठरला. मर्यादेबाहेर उडालेल्या चेंडूला मात्र टप्प्याची सवलत १८८० च्या दशकापर्यंत राहिली.

१८७० पर्यंत चॅडविक क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियम समितीवर वजनदार माणूस झाला होता. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर तिथल्याच अटलांटिक क्लबची गाठ सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जशी पडली. उघडपणे पगारी खेळाडू घेणारा हा पहिला संघ १८६९ चा हंगामभर अपराजित होता. नऊ डावांअखेर ५-५ अशी बरोबरी झाली. अटलांटिकवाले बरोबरीवर खूष होते, पण सिनसिनाटीचा कर्णधार हॅरी राइट (हाही मूळचा इंग्रज क्रिकेटपटू) खेळ पुढे नेण्यावर अडून बसला. मैदानावर हजर असलेल्या चॅडविकला विचारण्यात आले आणि त्याने नियमानुसार खेळ चालू राहिला पाहिजे, असा कौल दिला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, अटलांटिकने तीन, आणि सामना ८-७ असा ब्रुकलिनकडे गेला.

त्याचे सगळेच चालले असे नाही. १८७४ मध्ये त्याने दहा खेळाडू आणि दहा डावांचा खेळ असावा असा आग्रह धरला, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधली मोकळी जागा भरायला एक जादा क्षेत्ररक्षक. कोणी दाद दिली नाही आणि ते बरेच झाले.

सट्टेबाजीविरुद्ध तो आयुष्यभर लिहीत राहिला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबचे तीन खेळाडू पैसे घेऊन सामना हरल्याचे उघड झाले आणि हा रोग खेळात किती खोल गेला आहे ते दिसले. सट्टा, दारू आणि मैदानावरची शिवीगाळ थांबली नाही तर सभ्य कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, सामन्यांना फिरकणार नाहीत आणि खेळ बुडेल, असे त्याचे सूत्र होते. यात नीतीचा आग्रह होता तसा व्यवहारही होता. त्याच्या लेखनात उपदेशाचा सूर जरा जास्तच लागतो, हेही खरे.

फेब्रुवारी १८७६ मध्ये शिकागोच्या विल्यम हल्बर्टने निवडक क्लबांना हाताशी धरून नॅशनल लीग स्थापन केली. ती बंद दाराआड झाली म्हणून चॅडविकने कडक टीका केली. उद्देश भ्रष्टाचार मोडण्याचा असेल तर उघड अधिवेशन का नाही, असा त्याचा सवाल होता. पण सत्ता आता क्लबमालकांकडे गेली होती आणि नियम ठरवण्यात त्याचा पूर्वीचा शब्द राहिला नाही. पुढे समेट झाला. हल्बर्टचा सहकारी आणि क्रीडासाहित्याचा कारखानदार अल्बर्ट स्पॉल्डिंग याच्या कंपनीच्या वार्षिक मार्गदर्शिकेचा चॅडविक १८८१ पासून संपादक झाला. १८९० च्या दशकात लीगने त्याला वर्षाला ६०० डॉलरचे निवृत्तिवेतनही दिले. अधिकार गेला तरी मान उरला होता आणि लोक त्याला 'फादर चॅडविक' म्हणत.

याच मार्गदर्शिकेच्या १९०३ च्या अंकात त्याने बेसबॉल हा इंग्लंडमधल्या राउंडर्स या मुलांच्या खेळातून आला, असे लिहिले. नवे काही नव्हते, हे तो पूर्वीपासून सांगत होता. पण स्पॉल्डिंगला राष्ट्रीय खेळाचे मूळ परदेशी असणे रुचेना. त्याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये लीगचे माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स यांच्या नावाने ओळखली जाणारी समिती बसली. अ‍ॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या वृद्ध खाण-अभियंत्याच्या आठवणीवर विसंबून तिने १९०७ च्या अखेरीस निर्वाळा दिला की अ‍ॅबनर डबलडे याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे बेसबॉल शोधला. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाला, पण १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, आणि बेसबॉल आपण शोधल्याचा दावा त्याने हयातीत कधीच केला नाही. चॅडविकने निकाल थट्टेवारी नेला. मिल्सना लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने अहवालाला मित्राची, म्हणजे स्पॉल्डिंगची, लाज राखणारी कुशल वकिली ठरवले. इतिहास मोठ्या अंशी त्याच्या बाजूने गेला, पण पूर्णपणे नाही. लंडनमध्ये १७४४ साली निघालेल्या मुलांच्या एका पुस्तकात 'बेस-बॉल' हे नाव सापडते. तेव्हा उगम इंग्रजी हे खरे, मात्र राउंडर्स हा बेसबॉलचा बाप नसून चुलतभाऊ असावा, असे आताचे संशोधक मानतात.

चॅडविक २० एप्रिल १९०८ रोजी ब्रुकलिनमध्ये वारला. त्र्याऐंशीव्या वर्षीही तो त्या महिन्यात नव्या हंगामाचा सामना पाहायला गेला होता. तिथे झालेल्या सर्दीवर न्यूमोनिया झाला. ग्रीन-वुड दफनभूमीतल्या त्याच्या स्मारकावर दगडी चेंडू आहे आणि चार कोपऱ्यांना चार बेस आहेत.

१९३८ मध्ये त्याची हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-संग्रहालयासाठी निवड झाली. पत्रकारांचा तिथे एरवी वेगळ्या पुरस्काराने गौरव होतो, चॅडविकला मात्र खेळाडूंच्या रांगेत पाटी मिळाली. हा हॉल उभा आहे कूपर्सटाउनमध्येच, म्हणजे त्याला न पटलेल्या दंतकथेच्या गावात. त्याने ठरवलेली मापे विसाव्या शतकात जवळजवळ तशीच चालली. वॉक धरून फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो हे सांगणारे प्रमाण अधिकृत आकडेवारीत आले ते १९८४ साली. बिल जेम्स आणि त्याच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले होते की सामने जिंकण्याशी या प्रमाणाचा संबंध जुन्या सरासरीपेक्षा जवळचा आहे. २००२ च्या सुमारास ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने कमी पैशांत संघ बांधला तोही बाजारात स्वस्त मिळणारे, वॉक घेणारे फलंदाज हेरून. अमेरिकेतल्या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेने २००९ मध्ये इतिहास आणि आकडेवारीच्या अभ्यासकांसाठी पुरस्कार सुरू केला. त्याला हेन्री चॅडविकचे नाव आहे, आणि तो मिळवणाऱ्यांमध्ये चॅडविकच्या हिशेबातल्या चुका दाखवणारेही आहेत.